रोझानचं चुकलेलं माप

हाउट बेच्या धक्क्यावर रोझानच्या नजरेची ख्याती होती. सीलसोबत पोहायला बोटीने निघालेलं गिऱ्हाईक टपरीच्या दारात उभं राहिलं, की ती एकदाच त्याला वरपासून खालपर्यंत बघायची आणि खुंटीवरचा वेटसूट, म्हणजे गार पाण्यात घालायचा घट्ट रबरी पोशाख, काढून हातात द्यायची. वजन विचारणं नाही, उंची विचारणं नाही. आठ वर्षांत माप चुकलं म्हणून एकही सूट परत आला नव्हता. अंगाने भरलेल्या बायकांचा तर तिच्यावर विशेष जीव, कारण ती त्यांचा आकडा चारचौघांत कधी उच्चारत नसे.

त्या मंगळवारी दारात एक जण येऊन उभा राहिला. वाऱ्याने केसांचं पार घरटं झालेलं, गळ्यात दुर्बीण, हातात कूसिस्टर नावाच्या तळलेल्या मिठाईची तेलकट, गोड वासाची पिशवी.

"तुमचा गाइड पाय मोडून बसलाय म्हणे," तो म्हणाला. "तीन आठवडे त्याच्या जागी मी. अ‍ॅशवेल."

रोझानने वर पाहिलं. खाली पाहायचं… राहूनच गेलं. हाताला लागला तो सूट तिने पुढे केला.

थोड्या वेळाने पडद्यामागून आवाज आला, "एक विचारू? यात श्वास पण घ्यायचा असतो का?"

तो बाहेर आला तो दोन्ही हात पेंग्विनसारखे फाकवून. बोट चालवणारी डोरीन आँटी, म्हणजे रोझानची सख्खी मावशी, मासळीच्या क्रेटवर मटकन बसली आणि पोट धरून हसायला लागली.

"आठ वर्षं! आठ वर्षांत पहिल्यांदा! पोरी, डोळे कुठे होते तुझे?"

"मला माहीत आहे," अ‍ॅशवेल कसाबसा म्हणाला. "पण आधी ही चेन कोणीतरी उघडा."

चेन रोझाननेच उघडली. कान इतके तापले होते, की त्यावर कोळंबी भाजली असती.

मग रोजचंच झालं. फेरी संपली, की अ‍ॅशवेल निळ्या ओठांनी टपरीत यायचा, रोझान त्याच्या हातात रुईबॉस चहाचा कप द्यायची, आणि तो चहा संपायला भलताच वेळ लागायचा.

"आज एक सील माझ्या मास्कच्या काचेत स्वतःचं तोंड बघत बसली," तो सांगायचा. "लग्नाला निघालेल्या नवरीसारखी."

"तुझ्याकडे बघत असेल."

"छे! मला बघून कोणी इतकं खूश होत नाही."

"होतं… कोणी कोणी," रोझान म्हणाली आणि घाईघाईने आधीच धुतलेले बूट पुन्हा धुवायला लागली.

"तू का नाही उतरत पाण्यात?"

"आमच्या घरात झोपलं तरी सीलचं ओरडणं ऐकू येतं. त्यांना भेटायला बर्फात कशाला उडी मारू?"

खरं कारण वेगळं होतं. तिला पोहता येत होतं ते शाळेच्या तलावापुरतं. समुद्राची तिला भीती वाटायची, आणि ते धक्क्यावर कोणाला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, अ‍ॅशवेल चहा न पिताच नुसता कप फिरवत बसला.

"लँबर्ट्स बेहून निरोप आलाय. तिथल्या बेटावर गॅनेट पक्षी मोजायचे. वर्षभराचं काम. शनिवारी बारापर्यंत हो की नाही ते सांगायचंय. आँटी म्हणतात, इथेच राहा, त्यांचा गाइड काही परत येत नाही." त्याने कप खाली ठेवला. "तुला काय वाटतं?"

रोझानने खुंटीवरचे सरळच असलेले सूट पुन्हा सरळ केले.

"पक्षी मोजायचं काम… चांगलं आहे की."

"हो," तो म्हणाला. "चांगलं आहे."

चहा तसाच राहिला.

शनिवारी दहाच्या फेरीला बोट सुटणार, तेवढ्यात रोझान टपरीला कुलूप घालून बोटीवर चढली. "मला पण एक सूट दे," ती म्हणाली. अ‍ॅशवेलने तिच्याकडे एकदा बघितलं आणि बोटीवरच्या जादा सूटांतला एक दिला. तो असा चपखल बसला, की तिला रागच आला. म्हणजे हा माणूस तीन आठवडे नीट बघत होता तर!

डायकर बेटाजवळ पाण्यात उतरल्यावर पहिलं अर्धं मिनिट तिला फक्त थंडी जाणवली. मग अ‍ॅशवेलने शिकवल्याप्रमाणे तिने हात छातीशी धरले, कारण सीलची पिल्लं हातमोज्यांची बोटं चावून बघतात, आणि तोंड खाली घातलं.

खाली समुद्री वेली डोलत होत्या. त्यांच्यामधून एक पिल्लू उलटं तरंगत आलं आणि टपोऱ्या डोळ्यांनी तिला न्याहाळू लागलं. इतक्यात एक पाणकावळा वरून सुळकन घुसला, मागे चांदीच्या बुडबुड्यांची माळ! पिल्लू असं काही दचकलं, की रोझानला हसू फुटलं. श्वासाच्या नळीतून पाणी तोंडात. खोकत, धडपडत ती वर आली. अ‍ॅशवेलने तिचं कोपर धरलंच होतं.

"ठीक आहेस?"

"नाही."

"बोटीवर जायचं?"

"नाही! तू… लँबर्ट्स बेला जाऊ नकोस."

"मग परवा 'चांगलं काम आहे' कोण म्हणालं?"

"मी. काम चांगलंच आहे. फक्त तू गेलेलं मला नकोय."

"अगं, हे टपरीत सांगायला काय झालं होतं? इथे दातखीळ बसलीय माझी!"

"टपरीत आँटी असते."

"आँटी बोटीवर पण असते!" वरून आवाज आला.

"रोझान," अ‍ॅशवेल हळूच म्हणाला, "गुरुवारपासून एवढं एकच वाक्य ऐकायचं होतं मला. पक्षी काय, इथेही आहेत." तो पुढे झुकला… आणि दोघांचे मास्क ठक्कन आपटले. बोटीवरच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

रोझानशेजारी शिडीला धरून तो म्हणाला, "आँटी, माझी बोटं वळत नाहीत. लँबर्ट्स बेला तेवढा फोन लावाल?"

डोरीन आँटीने फोन लावला, कानाला धरला आणि इंजिनाच्या वरताण आवाजात सुरू केलं.

"हां, अ‍ॅशवेलतर्फे बोलतेय. तो येत नाही… आजारी? छे हो, ठणठणीत आहे… कारण? आहे ना. कारण आत्ता माझ्या बोटीच्या शिडीला लोंबकळतंय, दात कडकड वाजतायत, आणि तरी हसतंय!"