तीस इंचांवरचा दिवा

जबलपुरात बदली होऊन आल्यापासून अंबरीशने एकाही घराच्या छताला माफ केलं नव्हतं. सासुरवाडीत तर छतावर प्लास्टरची कमळं होती आणि पाकळ्यांमागून जांभळा उजेड पाझरायचा. तिथे तो मान वर न करता जेवायचा आणि परतताना बायकोला, क्षमाला, सांगायचा, “तुमच्या लोकांना उजेड हवा असतो. दिवा कळत नाही.”

सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्याचं सामान विकायला निघालं, तेव्हा त्याने तो दिवा उचलला. साठेक वर्षांपूर्वीचा, छतातून लोंबणारा. एकाखाली एक अशा तीन उपड्या वाट्या, बाहेरून पांढऱ्या, आतून पितळी. घमापूरच्या बंडू इलेक्ट्रिशियनकडून त्याने तो जेवणाच्या टेबलाच्या वर बसवून घेतला. टेबलापासून मोजून तीस इंच. खोली घराच्या मधोमध, भर दुपारीही अंधारी. आता टेबलावर सायीच्या रंगाचं वर्तुळ पडू लागलं.

पहिल्या रविवारी सासूबाई, सुमित्राबाई, जेवायला आल्या. छान आहे, पण जरा खाली नाही का, असं त्यांनी भीत भीत विचारलं. दिवा किती खाली असावा याचं शास्त्र असतं, हे अंबरीशने त्यांना वरण गार होईपर्यंत समजावलं.

पुढच्या आठवड्यात दुर्वा, त्याची मुलगी, आईशी बोलताना मान तिरकी करू लागली. क्षमा वाढताना वाकायची. त्याने टेप आणला. सव्वीस इंच.

दुसऱ्या दिवशी बंडूला बोलावून त्याने फैलावर घेतलं. बंडू मुकाट्याने शिडीवर चढला. छत जमिनीपासून दहा फूट. तार आणि दिवा मिळून पाच फूट, आधी होते तेवढेच. टेबल अडीच फूट. मध्ये तीस इंच उरायला हवे होते. टेप आता पंचवीस दाखवत होता. बंडूने दोनदा मोजलं, मग अंबरीशचा टेप मागून तिसऱ्यांदा.

“साहेब, सगळी मापं बरोबर आहेत,” तो म्हणाला. “फक्त बेरीज नाही होऊन राहिली.”

“त्यासाठी शाळेत जावं लागतं.”

बंडूने पैसे घेतले नाहीत, चहाही नाही. दारापर्यंत तो वाकूनच गेला.

मग अंबरीश बँकेत जाण्याआधी रोज मोजू लागला. बावीस. अठरा. तापलेल्या पितळेचा वास भाजीला येऊ लागला. तो मात्र ताठ बसायचा. वाकणं हे अडाण्यांचं काम. पांढरी कड त्याच्या डोळ्यांसमोर आली होती, आणि पलीकडे क्षमाचं फक्त तोंड दिसायचं, घास चावणारं.

“काढून टाका ना,” ते तोंड म्हणालं. “काहून हट्ट करून राहिले?”

“काहून नाही. का.”

अकरा इंचांवर त्याने दिवा स्वतः उतरवला. या खोलीची तेवढी लायकी नाही, असं त्याने घरात सांगितलं. घमापूरच्या भंगारवाल्याकडून तिन्ही वाट्या डोळ्यांदेखत ठोकून सपाट करून घेतल्या. भिंतीवर ट्यूबलाइट लागली.

त्या रविवारी सुमित्राबाई आल्या. टेबलाच्या वर छताला आता फक्त रिकामा हूक होता.

पुऱ्यांची चाळण पुढे करताना सासूबाई वाकल्या.

दुर्वाने मान तिरकी करून मीठ मागितलं.

क्षमाने ते खालून, टेबलाला घासत, सरकवलं.

अंबरीशला हसू आलं, मग किळस. “काय चाललंय? इथे काही नाहीये.”



तो उठला. बालवाडीतल्या पोरांना शिकवावं तसा हात टेबलाच्या वर अधांतरी धरून त्याने तो सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

“दिसलं? हवा आहे. नुसती हवा.”

तिघी त्याच्या हाताकडे पाहत होत्या. सुमित्राबाईंनी नजर खाली वळवली.

क्षमा उठली आणि फ्रिजमधून बर्फ घेऊन आली.

त्याला काहीच जाणवलं नव्हतं. त्याने तळवा उलटा केला. चारही बोटांच्या पेरांवर, एका गोलसर रेषेत, फोड हळूहळू फुगत होते.