मंगळावरची न शिजणारी डाळ

डाळ शिजत नव्हती. हरभऱ्याची डाळ आदल्या दिवशी भिजत घातली होती, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, तरी दाणा बोटात दाबला की टुणकन उडायचा. मंगळाचं गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळे उडाला की थेट छताला लागायचा. आणि हे सगळं ऐन होळीच्या दिवशी.

मंगळावर एका मोठ्या घुमटाखाली गेरूनगर नावाची मराठी माणसांची वस्ती आहे. घुमटात आग पेटवायला सक्त मनाई, म्हणून तिथली होळी लाल दिव्यांची. त्यावर कोणी कुरकुर केली नाही. पण पुरणपोळी खरीच हवी, याबाबतीत मात्र गेरूनगर कोणाच्या बापाचं ऐकणार नव्हतं.

"डाळ कडक आहे. अजून शिट्ट्या देऊ?" स्वयंपाकघरातला यंत्रमानव ठोंब्या विचारत होता.

"पुरे," पुरवठा सांभाळणाऱ्या बोंद्रे मॅडम म्हणाल्या. "महिनाभर हेच चाललंय. वीज जळते आणि डाळ कच्ची ती कच्चीच. आज संध्याकाळी पृथ्वीकडे पुढच्या वर्षाची मागणी जायची आहे. डाळ बंद. पौष्टिक वड्या मागवते."

तिथेच उभी असलेली अकरा वर्षांची शलाका पुढे सरसावली. त्या वड्या तिने एकदा खाल्ल्या होत्या. भिजवलेला पुठ्ठा चावावा तशी चव. वर्षभर तेच खायचं, वरण नाही, आमटी नाही, पुरण नाही?

"मॅडम, संध्याकाळपर्यंत थांबा ना. पुरण झालं तर डाळ मागवाल?"

"झालं तर मागवीन. पण डाळ एका कुकरपुरतीच उरली आहे, बघ बाई."

शलाका धावत सुटली ती थेट पाणीघरात. तिचे आजोबा, म्हणजे सगळ्यांचे आबा, वस्तीचं पाणी सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ होते.

"आबा, डाळ खराब आलीय का?"

"डाळीला नावं ठेवण्याआधी पाण्याची चौकशी कर," आबा म्हणाले आणि त्यांनी एक बाटली आणि साबणाचा चुरा तिच्या हातात ठेवला. "नळाचं पाणी घे, चुरा टाक आणि हलव."

शलाकाने दात-ओठ खाऊन बाटली हलवली. फेस काही येईना. उलट पांढरा चोथा वर तरंगायला लागला.

"हे दुष्फेन पाणी (ज्यात साबणाचा फेस होत नाही असं पाणी). आपण घरात जड पाणी म्हणतो ना, तेच. इथला बर्फ जमिनीखालून येतो. वितळताना तो मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतो. साबण यांना चिकटून चोथा होतो."

"पण डाळीचं काय?"

"डाळीच्या पेशी (जिवाचे सूक्ष्म कप्पे) एकमेकींना पेक्टिन नावाच्या डिंकाने चिकटलेल्या असतात. शिजताना तो डिंक सुटतो आणि डाळ मऊ होते. पाण्यात कॅल्शियम आयनाच्या (विद्युतभार असलेल्या अणूच्या) रूपात असतं, आणि त्या आयनाला समज दोन हात आहेत. एका हाताने तो इकडचा डिंक धरतो, दुसऱ्याने तिकडचा. मग डिंक सुटणार कसा?"

शलाकाचे डोळे चमकले. डाळीच्या एवढ्याशा दाण्यात अशी धरपकड चालली होती तर. "मग पाणी उकळून घेऊ या."

"घे की."

तिने पाणी खळखळा उकळलं, निववलं, पुन्हा साबण टाकून हलवलं. पुन्हा चोथाच.

"काही पाण्यांचा जडपणा उकळल्यावर जातो, कॅल्शियम तळाशी पांढरं होऊन बसतं. तो अस्थायी (तात्पुरता). आपल्याकडे कॅल्शियम सल्फेटच्या रूपात आहे. ते उकळीला भीक घालत नाही. म्हणून तर हे यंत्र आहे." आबांनी कोपऱ्यातल्या उंच टाकीवर थाप मारली. "आत राळेचे बारीक मणी आहेत. प्रत्येक मण्यावर सोडियमचे आयन बसलेले. सोडियमला हात एकच. जड पाणी वरून आलं की एक कॅल्शियम मण्यावर बसतं आणि दोन सोडियम पाण्यात उतरतात. याला आयन-विनिमय (आयनांची अदलाबदल) म्हणतात."

"आणि सगळ्या मण्यांवर कॅल्शियमच बसलं की?"

"मग मिठाच्या घट्ट पाण्याने मणी धुवायचे. मिठात सोडियमच सोडियम. एवढी गर्दी झाली की कॅल्शियमला उठावंच लागतं. धुणं आपोआप होतं. बघ, हिरवा दिवा लागलाय."

शलाकाने बाटली उचलली. तिने यंत्रात शिरणारं पाणी तपासलं आणि यंत्रातून निघणारंही. दोन्हीकडे तोच चोथा. हिरवा दिवा मात्र दिमाखात चालू होता. मग तिने मिठाच्या टाकीचं झाकण उघडलं. आत खडखडाट. यंत्र महिनाभर मणी नुसत्या साध्या पाण्याने धूत होतं आणि काम झाल्याचं सांगत होतं.

"आबा, मीठ कुठे गेलं?"

आबा एकदम टाकीचे नळ पुसायला लागले.

झालं होतं असं, की घुमटातल्या आंब्याला पहिल्यांदाच कैऱ्या लागल्या होत्या. सगळं गेरूनगर येडं झालं. कैऱ्या आहेत आणि खारवायला मीठ नाही म्हणजे काय? जो तो पाणीघरात यायचा आणि म्हणायचा, आबा, वाटीभर मीठ द्या. वाटीभर मिठाला नाही म्हणणं आबांच्या रक्तात नव्हतं. शेवटची वाटी त्यांनी स्वतःच नेली होती.

"जहाज यायला अजून सहा महिने," आबा पडेल आवाजात म्हणाले. "आता मीठ आणायचं कुठून?"

शलाका खोलीत येरझाऱ्या घालू लागली. मीठ नाहीसं झालेलं नाही, तिने स्वतःला बजावलं. ते कैऱ्यांच्या बरण्यांत आहे. "आबा, लोकांनी तेलातलं लोणचं घातलंय का?"

"नाही गं, तेल कुठलं इथे. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्यात." आबा थांबले. मग त्यांनी नातीकडे असं पाहिलं, की तिला सांगायची गरजच उरली नाही. बरण्यांत मिठाचं घट्ट पाणी तयारच होतं.

ठोंब्याला घेऊन शलाका दारोदार फिरली. लोकांनी आधी बरण्या पोटाशी धरल्या. पण पुरणाचं नाव काढल्यावर मुकाट्याने पाणी ओतून दिलं. कैऱ्या त्यांच्याकडेच राहिल्या. ते पाणी आबांनी फडक्यातून आणि कोळशातून गाळलं, मण्यांवर सोडलं, मग साध्या पाण्याने मणी स्वच्छ धुतले. शलाकाने बाटलीत नवं पाणी घेतलं आणि हलवलं. फेस बाटलीबाहेर आला. शलाका नाचली आणि मंगळाच्या कृपेने बरीच उंच नाचली.

उरलेली डाळ त्या पाण्यात शिजली, पुरणयंत्रातून लोण्यासारखी उतरली. बोंद्रे मॅडमनी उभ्याउभ्याच पहिली पोळी खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग बसल्या आणि मागणीत वड्या खोडून डाळ लिहिली.

"मीठही लिहिते. जरा जास्तच, तुझे आबा आहेत म्हणून," त्या म्हणाल्या.

"पण पृथ्वीकडून कशाला?" शलाका म्हणाली. "आबा, मंगळावर मीठ नसतंच का?"

"असतं. जुन्या, आटलेल्या तळ्यांच्या जागी. पण त्यात विषारी क्षार मिसळलेले असतात. ते वेगळं काढायला शिकावं लागेल."

"मग शिकू."

शलाकाचा जन्म घुमटातला. बाहेरची लाल जमीन तिने फक्त काचेतून पाहिली होती. बोंद्रे मॅडमनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग मीठ खोडलं आणि त्या जागी लिहिलं: बाहेर फिरण्याचा अंतराळ-पोशाख, एक, लहान मापाचा.