दमपेटी

"माझा विद्यार्थी एक वेळ स्वतःचं नाव विसरेल, पण मी शिकवलेलं मरेपर्यंत विसरणार नाही," डॉ. इंगवले म्हणाले आणि त्यांनी ठसाटोपाचं बटण दाबलं.

धामणखेड वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शल्यचिकित्सेची अख्खी तुकडी डोक्यावर टोप चढवून बसली होती. प्राध्यापकाचं बोलणं हा टोप थेट मेंदूवर उमटवायचा. वह्या नकोत, घोकंपट्टी नको. इंगवल्यांची शिकवण्याची पद्धत एकच होती, आधी शिवी आणि मग माहिती.

"गळा सुजून श्वास बंद झाला तर भोक कुठं पाडायचं, ठोंब्यांनो? ऐका नीट! तुमच्या सात पिढ्यांत कुणी काही नीट ऐकलेलं नाही!"

परीक्षेत सगळे पहिल्या वर्गात आले. परीक्षा चालू असताना इंगवले रांगांमधून शिव्या देत फिरत होते, हे कुणी ध्यानात घेतलं नाही.

मग वॉर्ड सुरू झाला. तुकडीत पहिली आलेली मृण्मयी गेडाम एका आजोबांच्या खाटेशी गेली.

"पोरी, पोटात फार दुखतंय गं. काय झालं असेल?"

मृण्मयीनं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. "आजोबा, मला... मला काही आठवतच नाही."

"अगं म्हशे!" मागून इंगवले गरजले. "अपेंडिक्स कुठल्या बाजूला असतं? तुझ्या मामाच्या गावाला?"

मृण्मयीनं एका दमात निदान, तपासण्या आणि शस्त्रक्रिया म्हणून दाखवली. आजोबा दुखणं विसरून इंगवल्यांकडे बघत राहिले. "डॉक्टर, घरीपण असंच बोलता का?"

टोप बनवणाऱ्या स्मृतितज्ज्ञ डॉ. रेहाना अत्तार यांना बोलावणं गेलं.

"सर, मेंदू नुसता धडा ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "तो ज्या आवाजात, ज्या भीतीत आत गेला, तेही सोबत ठेवतो. साध्या शिकण्यात माणूस दहा जणांकडून ऐकतो, स्वतः चुकतो, म्हणून कुलूप सैल राहतं. टोपानं एकाच घावात ठसा उमटवलाय. कुलूप घट्ट बसलं आणि किल्ली एकच. तुमचा आवाज, तोही चिडलेला."

"म्हणजे मी शिव्या द्यायलाच हव्यात?"

"हो."

"वा!" विज्ञानानं आपली बाजू घेतलेली इंगवले पहिल्यांदाच बघत होते.

"मॅडम, हा ठसा पुसता येतो?" मृण्मयीनं विचारलं.

"नाही."

"मग मी जन्मभर यांच्या शिव्या खायच्या?"

"पेशंट वाचवायचा असेल तर, हो."

म्हणून इंगवल्यांच्या शिव्या भरून ठेवलेल्या दमपेट्या आल्या. प्रत्येक खाटेशी एक पेटी. बटण दाबलं की इंगवले ओरडायचे, डॉक्टरला सगळं आठवायचं आणि शेजारचा पेशंट दचकायचा. बाकीच्या प्राध्यापकांचेही टोप वापरून झाले होते. त्वचारोगाच्या कामतबाई अंधारात स्लाइड वाचून दाखवायच्या, त्यामुळे त्यांचे डॉक्टर दिवे घालवल्याशिवाय पुरळ ओळखेनात. मूत्रपिंडाचे लिमयेसर वर्गात सासू-सुनेचे विनोद सांगायचे. त्यांच्या वॉर्डात आधी पेटी विनोद सांगायची, डॉक्टर खुदकन हसायचे आणि मग किडनी गेल्याचं नातेवाइकांना सांगायचे. दोन डॉक्टरांनी मार खाल्ला.

अशात तपासणी समिती येणार असं कळलं. इंगवल्यांना 'आदर्श अध्यापक' पुरस्कारही मिळणार होता. अधिष्ठाता डॉ. सबनीस घाबरले. आयुष्यभर त्यांनी फक्त मृतदेहांवर शरीररचना शिकवली होती. जिवंत माणसाशी बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

"इंगवले, समितीनं ह्या पेट्या ऐकल्या तर?"

"गोड बोलून नव्यानं भरतो. आहे काय त्यात!"

"जुनं राहील ना पण?" अत्तारबाईंनी विचारलं. "पेटीत एकच मावतं."

"पुसा जुनं. उद्या परत भरू. शिव्यांचा काय दुष्काळ पडलाय?"

"आणि आज कुणी अत्यवस्थ आलं तर?"

"हे तोंड आहे ना!" इंगवले म्हणाले.

समितीतले तिघेही प्रशासकीय अधिकारी होते. त्यांना वॉर्डात सगळीकडे मधाळ आवाज ऐकू आला आणि ते खूश झाले. अध्यक्षांनी इंगवल्यांच्या हाती भला मोठा पुष्पगुच्छ दिला. इंगवल्यांनी डोळे मिटून खोल वास घेतला आणि "आहाहा" म्हणायला तोंड उघडलं. गुच्छातली गांधीलमाशी सरळ आत गेली आणि जिभेला डसली.

जीभ वांग्याएवढी झाली. मग गळा सुजला. त्यांना उचलून तातडीच्या कक्षात आणलं. सिस्टरनं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, सूज हटेना. आता गळ्याला भोक पाडून नळी घालणं एवढंच उरलं होतं. कामावर एकटी मृण्मयी होती. तिनं शस्त्र उचललं आणि ती तशीच उभी राहिली.

"सर, ओरडा!" ती रडकुंडीला आली. "एकदाच ओरडा! कुठं कापू?"

इंगवल्यांनी डोळे वटारले. तोंडातून "ग्ग" एवढंच आलं.

"सबनीससर, तुम्ही शिवी द्या!"

"अगं... गाढव... म्हणजे तसं नव्हे गं, मुली."

"मूर्ख! अक्कलशून्य!" अत्तारबाई ओरडल्या. मृण्मयीला वाईट तेवढं वाटलं, आठवलं काहीच नाही. इंगवल्यांनी तिच्या गालफडात मारली. तीही किल्ली नव्हती.

त्यांचे ओठ निळे पडले. जिवंत गळ्यापुढं सबनीसांना शरीररचनाही सुचेना, त्यांनी उशाच्या दमपेटीचं बटण दाबलं.

"बाळा," इंगवल्यांचा आवाज प्रेमानं म्हणाला, "अजिबात घाबरू नकोस. सावकाश कर. घाई करायची नाही."

मृण्मयीनं घाई केली नाही. सर गेले तेव्हा ती हातमोजे नीट चढवत होती.