हिरव्यातला तांबडा

हेमलता नन्नावरे लग्नाचे फोटो सजवून देई. पण दर सोमवारी अंगणवाडीच्या मंदाताई तिच्या स्टुडिओत एक पान पाठवायच्या. आमडीटोल्याच्या अंगणवाडीच्या विहिरीकाठच्या 'साक्षीपर्णा'चं. पाण्यात फ्लोराइड वाढलं की पानं लाल करणारं, प्रयोगशाळेत घडवलेलं झाड. पान हिरवं असेपर्यंत गाव निर्धास्त पाणी पीत असे.

हेमलताला मात्र हिरव्या-लालच्या मधले रंग धंद्यानं शिकवले होते. ती पान पांढऱ्या कार्डाशेजारी स्कॅनरवर ठेवी, रंग आपोआप सुधारायची सोय बंद करी आणि फोटोंच्याच सॉफ्टवेअरमध्ये पानातल्या लाल रंगाची सरासरी मोजी. कार्डाचा आकडा हलत नव्हता. पानाचा चढत होता: एकसष्ट, सदुसष्ट, शहात्तर.

आकडे ऐकून ग्रामसेवक दडमल हसले. "ताई, पान तर हिरवंगार हाये!"

"रोज पाहणाऱ्याला तसंच दिसणार, भाऊ." तिनं पहिल्या आणि आजच्या पानाचे चौकोन पडद्यावर शेजारी ठेवले. दुसऱ्यात तपकिरी झाक स्पष्ट दिसत होती. "पुरतं लाल व्हायला अजून तीन महिने लागतील."

"आन् तोवर लेकरं हेच पाणी पिणार?" दडमलांचा आवाज उतरला. त्यांची नात त्याच अंगणवाडीत होती.

पाणी जिल्ह्याला तपासायला गेलं. फ्लोराइड मर्यादेच्या दुप्पट निघालं आणि विहीर बंद झाली.

बायांना आता पाण्यासाठी मैलभर चालावं लागे. "फोटोवालीनं विहीर बंद पाडली," हे हेमलताच्या कानांवर येई. वाईट वाटे, तरी मोजणं तिनं सोडलं नाही. मंदाताईंनी तर, एकाच झाडावर विसंबायला नको म्हणून, विहिरीभोवती साक्षीपर्णाची आणखी चाळीस रोपं लावली.

वर्षभरानं एका सोमवारी आकडा खाली आला. पुढच्या सोमवारी आणखी खाली. स्कॅनर बिघडला असेल म्हणून हेमलतानं कार्ड तपासलं. ते जसंच्या तसं होतं. मग तिनं स्वतः बाटली भरून जिल्ह्याला नेली.

अहवाल वाचून दडमल ओट्यावर टेकले. फ्लोराइड निम्म्यावर, म्हणजे मर्यादेत आलं होतं. चाळीस झाडांची मुळं एव्हाना झऱ्यापर्यंत पोचली असणार.

"ताई," ते हळूच म्हणाले, "ही झाडं नुसती सांगतात, का पाणी धुवूनबी काढतात?"

हेमलता तोवर मंदाताईंना फोन लावत होती: शेजारच्या गावातल्या बंद विहिरींसाठी किती रोपं मिळतील?