खिळ्यावरची किल्ली

बसा रे जवळ, आणि तो दिवा राहू दे. उद्यापासून तुम्ही कंपनीच्या गाड्या चालवणार, म्हणून सांगतो. ऐकीव नाही, माझ्या ओळखीच्या माणसावर बेतलेली गोष्ट आहे.

त्याला सगळे लंबू म्हणायचे. आमच्या गॅरेजचा तेव्हा एक नियम होता. गाडीला साधा ओरखडा आला तरी त्याच रात्री पिवळा फॉर्म भरायचा, मगच किल्ली खिळ्यावर अडकवायची. खिळ्यावर किल्ली दिसली की गाडी ठणठणीत समजायची आणि डोळे झाकून न्यायची.

लंबूनं आठ वर्षांत नऊ पिवळे फॉर्म भरले. त्याच्याच बरोबर नोकरीला लागलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरनं एकही नाही! त्याचं नावच पडलं बिनओरखड्या. ऑफिसच्या भिंतीवर फोटो त्याचा, नवी व्हॅन त्याला, साहेबांची शाबासकीही त्यालाच. लंबूच्या पोटात दुखायचं. जेवताना बायकोनं सहज बिनओरखड्याचं नाव काढलं, तरी हा ताटावरून उठायचा.

एका रात्री तातडीचं सामान पोचवायला ती नवी व्हॅन लंबूच्या हाती आली. परतताना उताराच्या वळणावर ती दगडावर घासली. पत्रा चेपला. लंबूनं खाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. मनात म्हणाला, सकाळी सापडू दे हा चेपा त्याच्या गाडीवर. भरू दे त्यालाही एक फॉर्म. उतरू दे तो फोटो! आणि किल्ली खिळ्यावर अडकवून घरी जाऊन झोपला.

पहाटे अंधारातच बिनओरखड्यानं ती किल्ली घेतली. दगडानं ब्रेकची नळी फाटली होती. त्याच उतारावर ब्रेक लागलाच नाही. बिनओरखड्या जागीच गेला. नळी धडकेत फाटली असणार, असं सगळ्यांनी धरलं, आणि चौकशीत लिहिलं, ‘चालकाचा निष्काळजीपणा.’ फोटो उतरला. लंबू रडला, अगदी खरं रडला. पण भिंतीवरची रिकामी जागा बघून त्याला बरंही वाटलं. पुढं वर्षभर त्याचा एकही फॉर्म नाही, म्हणून तिथं त्याचाच फोटो लागला.

बरोबर वर्षानं, सोळा तारखेच्या रात्री पावणेदोनला, लंबू त्याच रस्त्यानं परतत होता. एकटाच. वळण आलं. त्यानं ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली गेला. पार तळाला.

तरी गाडी थांबली. आपोआप. दगडापासून वीतभर.

मग शेजारच्या सीटचा पट्टा... खट्कन लागला.

लंबूनं मान वळवली नाही.

“फॉर्म भरायचा राहिलाय, लंबू.”

आवाज ओळखीचा होता. रागावलेलाही नव्हता.

“मेलास तरी... तुला भिंतच पाहिजे?” लंबू ओरडला. “जन्मभर तूच पुढे! आता तरी मला राहू दे की रे!”



इंजिन बंद. वारा नाही.

“माझी पोरगी शाळेत जाताना... ऑफिसच्या खिडकीतून ती भिंत बघते रे.”

एवढंच. 

लंबूनं कप्प्यातून पिवळा फॉर्म काढला. वर्षापूर्वीचं सगळं लिहिलं. दगड, पत्रा, किल्ली. साक्षीदाराचा रकाना तेवढा कोरा सोडला. दगडावर गाडी घासली तेव्हा शेजारी होतंच कोण?

सकाळी त्यानं तो फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. तेव्हा फॉर्म तपासायचं काम माझ्याकडे होतं. लंबूची नोकरी गेली. बिनओरखड्याचा फोटो परत लागला, तो तुम्ही आज येताना बघितलाच.

पण पोरांनो, लंबूनं लिहिलं होतं काळ्या पेनानं. आणि माझ्या हातात आला तेव्हा साक्षीदाराच्या रकान्यात निळी सही होती. बिनओरखड्या गाडी घेताना वहीत रोज करायचा तीच. पिवळ्या फॉर्मवर त्याची पहिलीच.

मी अंगठा फिरवला.

शाई ओली होती.