झाडलेला वॉर्ड

सकाळी पावणेसातला ती बायकांच्या वॉर्डात शिरली, तर फरशी लख्ख झाडलेली.

ओसाड पडलेल्या इमारतींचे फोटो काढणं हे तिचं काम. हे मनोरुग्णालय बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि सोमवारी ते पाडायला घेणार होते. भिंतींवरून गळलेले रंगाचे पापुद्रे, खिडकीतून आत आलेली वाळकी पानं, खाटांखालची धूळ... त्यासाठीच ती पहाटे उठून आली होती.

दारात पाडकामाचा इंजिनियर उभा होता. हातात झाडू. पहिल्या दिवशी अंधाऱ्या जिन्यात दोघं एकमेकांवर आदळली होती. तेव्हापासून तो रोज काहीतरी निमित्त काढून वर यायचा.

"तुम्ही खाली बसून फोटो काढता," तो म्हणाला. "मग दिवसभर खोकता. म्हटलं... जरा—"

त्यानं केर म्हणून पोत्यात भरलं तेच तिला हवं होतं, हे तिनं शांतपणे सांगितलं. तो एवढासा झाला. पोतं खालीच आहे, होतं तसं पसरून देतो, असं गंभीरपणे म्हणाला. तिला हसू फुटलं. रिकाम्या वॉर्डात घुमलेलं स्वतःचंच हसू तिला अनोळखी वाटलं.

"घरी तरी झाडता का?"

"घरी कोण येतंय?"

तिच्याही घरी कोणी येत नव्हतं. फोटोत कधी माणसंही घे गं, असं ताई फोनवर नेहमी म्हणायची.

तिनं त्याला खाटेवर बसवलं. उजेड कमी होता, फोटोला वेळ लागणार होता. अजिबात हलू नका, असं तिनं बजावलं. तो श्वास रोखून बसला आणि मध्येच बोलला.

"पुढचं काम डोंगरातल्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात आहे. अजून कोणी हात लावलेला नाही. याल?... फोटोंसाठी नाही म्हणत मी."

"हललात तुम्ही," ती म्हणाली. मग कॅमेरा आवरायला लागली.

सोमवारी वॉर्ड पडला. आठवड्याच्या शेवटी तो डोंगराकडे गेला. फोटोत खाट स्वच्छ आली आहे, चेहरा पुसट.

काल संध्याकाळी ताईचा फोन आला. बॅग भरली आहे, एवढंच तिनं ताईला सांगितलं. डोंगराकडचं तिकीट अजून काढलेलं नाही.