पाहुण्याचं बिऱ्हाड

सुट्टीच्या दुपारी ऑफिसात यायला कुणी राजी नव्हतं, म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं. काम तसं साधं. विमा कंपनीच्या तळघरात एक अवाढव्य मेनफ्रेम संगणक होता, आणि त्या एकाच्या पोटात शंभरेक खोटी यंत्रं नांदत होती. प्रत्येकाला वाटायचं, आपणच काय ते खरे. ऑफिसात त्यांना पाहुणे म्हणत. या पाहुण्यांचं सगळं सामान डिस्कच्या जुन्या कपाटात होतं. ते नव्या कपाटात हलवायचं, आणि जुनं कपाट भंगारात.

सोबतीला मामा होते. ते कुणाचेच मामा नव्हते, पण त्या तळघरात इतकी वर्षं काढली होती की त्यांचं खरं नाव सगळे विसरले होते.

"घरी एक पाहुणा येऊ घातलाय, तो सोडून इथल्यांची बिऱ्हाडं कसली हलवतेस?" मामा म्हणाले.

ती कसंनुसं हसली. सहावा महिना होता. आधीचं एक असंच हातातोंडाशी येऊन गेलं होतं, आणि हेही कालपासून हललं नव्हतं. संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं. तोवर घरी भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा काम बरं, म्हणून ती आली होती.

तिने जुन्या कपाटाचं दार उघडलं आणि झटकन तोंड फिरवलं. कसला तो वास. बंद पडलेला फ्रीज आठवडाभराने उघडावा तसा, आंबट, दुधाळ, आणि त्याखाली केस जळल्यासारखं काहीतरी. दाराच्या आतल्या बाजूला पिवळट थर चढला होता. तिने नकळत बोट लावलं. थर कोमट होता. बोट मागे घेतलं तर पाकासारखी तार सुटली.

"मामा, इथे काहीतरी मेलंय."

"इथे उंदीरसुद्धा फिरकत नाही. तुझे दिवसच तसले आहेत, पोरी. माझ्या बहिणीला तर साबणाचाही वास सोसायचा नाही."

तिने बोट फडक्याला पुसलं, पुन्हा पुसलं, नळाखाली धरून खसाखसा धुतलं. वास काही गेला नाही.

पाहुणे एकेक करून हलले. नियम एकच. आधी पाहुण्याला झोपवायचं, म्हणजे ते यंत्र बंद करायचं, आणि मगच सामान उचलायचं. जागेपणी नेलं तर अर्धं इथे, अर्धं तिथे. बाकीचे सगळे गुमान झोपले. राहता राहिला एक बेवारशी. कुठल्या खात्याचा, कुणी बसवलेला, कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याला बंद करायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. आज तो बंद होईचना. आज्ञा दिली की कपाटातून आवाज यायचा. टक टक टक… आणि मग घोट गिळल्यासारखा एक ओला आवाज.

"मामा… हा काय खातोय?"

"डिस्क म्हातारी झालीय." मामांचा आवाज मात्र खाली आला होता. "पण याला… याला जागेपणी नको नेऊस. राहू दे इथेच."

"उद्या भंगारवाला येणार. आणि मला निघायचंय, मामा."

तिला फक्त त्या वासातून बाहेर पडायचं होतं. तिने त्याला जागेपणीच हलवायची आज्ञा दिली. दोन कपाटांमधली केबल गरजेपेक्षा लांब होती. पायात येऊ नये म्हणून तिचं वेटोळं मांडीवर घेऊन ती बसली. केबल हळूहळू गरम झाली. मग त्या काळ्या वेष्टनाखालून काहीतरी पुढे सरकू लागलं, गिळलेल्या घासासारखं, थांबत थांबत. तिला ओकारी येत होती, पण हात केबल सोडीनात. ते तिच्या पोटापाशी आलं आणि थांबलं. केबल एकदम गार पडली.

पडद्यावर आलं, काम पूर्ण. मामांनी नवी डिस्क तपासली. त्याची जागा रिकामी होती. जुनी तपासली. तीही रिकामी.

"मग हा गेला कुठे?" मामा पुटपुटले.

तिचं लक्षच नव्हतं. पोटात बाळाने ढुशी मारली होती, चांगली जोरात. ती आनंदाने रडायलाच लागली. मामा धीर द्यायला जवळ आले आणि नाकाला रुमाल लावून मागे सरले.

"पोरी… तू आधी डॉक्टरकडे जा."

वाटेत नवऱ्याने गाडीच्या सगळ्या काचा खाली केल्या. "अगं, अंगावर काय सांडलंय तुझ्या?"

"कुठे काय? मला तर कसलाच वास येत नाही."

डॉक्टरबाईंनी तिच्या पोटावर यंत्र टेकवलं. खोलीभर ठोके ऐकू आले, टक टक टक, भरभर, खणखणीत. "छान आहे हो बाळ," त्या म्हणाल्या, पण मान वळवून, आणि नर्सला खिडकी उघडायला सांगितली. मग ठोक्यांच्या मध्येच तो ओला आवाज आला. एक घोट. डॉक्टरबाईंनी यंत्र जरा बाजूला सरकवलं. तिथेही तोच. नवऱ्याने तिचा हात धरला होता, तो हळूच सोडला.

तिला मात्र आता किळस येत नव्हती. उलट कडकडून भूक लागली होती, आणि ती कशाची, हे तिला नेमकं कळत होतं. डोहाळे म्हणतात ते हेच असावेत. तिने ते बोट नाकाशी नेलं. इतकं घासून धुतलेलं, तरी त्याच्यावर पिवळट थर पुन्हा धरला होता, कोमट. कुणी बघत नाहीसं पाहून तिने तो चाटून घेतला.

आतून लगेच ढुशी आली. त्याला अजून हवं होतं.